चार लिप्यांचं गाव, एका लिपीचा नकाशा

बाहेरगावच्या वाचकाला सोलापुरात दाखवायचं काय, हा वाद आता दर हिवाळ्यात निघतो. ग्रंथोत्सवाची पत्रिका हातात पडली, कुठल्यातरी दुसऱ्या शहरातल्या साहित्य महोत्सवाचे फोटो फिरायला लागले, की दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, वाचकाला पुण्याला जाऊ दे. सोलापूर म्हणजे चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि सिद्धेश्वराचं देऊळ. पुस्तकवाल्यांनी इथे येऊन बघावं असं आहे काय? दुसरा गट याने चिडतो आणि नावांची यादी वाचून दाखवतो. मग भवन बांधा, पुतळे बसवा, तीन दिवसांचा महोत्सव भरवा, अशा मागण्या सुरू होतात. भांडण जोरात चालतं, पण दोघांच्या हातात यादी एकच असते आणि ती यादीच अर्धी आहे. ती फक्त मराठी पुस्तकांवरून केलेली आहे. सोलापूरचा लिखित वारसा कानडीत आहे, मराठीत आहे, तेलुगूत आहे, प्राकृतात आहे, उर्दूतही आहे. तो एकाच लिपीच्या नकाशावर मांडला की पहिल्या गटाला तो क्षुल्लक वाटणार आणि दुसऱ्या गटाला तो फुगवून सांगावा लागणार. पाहुण्या वाचकासाठी सोलापूरने नवी इमारत बांधायची गरज नाही. ज्या जागी जो मजकूर जन्मला, तो तिथे मूळ भाषेत ऐकू यावा आणि शेजारी त्याचा मराठी अर्थ हातात मिळावा, एवढी सोय केली तरी पुरे.

मराठी यादीसुद्धा तशी लहान नाही, हे आधी मान्य करायला हवं. पेशवाईच्या उत्तरार्धातले शाहीर रामजोशी इथले. कवी कुंजविहारी, कवी संजीव, दत्ता हलसगीकर हे इथले. समीक्षक निर्मलकुमार फडकुले यांच्या नावाचं सभागृह शहरात आहे. त्र्यं. वि. सरदेशमुख यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला २००३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे. मंगळवेढा तर चोखोबा, कान्होपात्रा आणि दामाजीपंतांचं गाव. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन शहरात १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली भरलं आणि २००६ साली पुन्हा भरलं. त्या वेळचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरकर. आयुष्य विदर्भातल्या जंगलांत काढून शेवटी ते इथेच परतले आणि जून २०२५ मध्ये इथेच गेले. मधल्या काळात १९८०चं संमेलन गं. बा. सरदारांच्या अध्यक्षतेखाली बार्शीला झालं. एखाद्या मध्यम शहराला आणि त्याच्या तालुक्यांना पुरून उरेल इतकी ही पुंजी आहे.

पण यादीत कोण नाही तेही बघा. ज्याच्या नावाने हे गाव ओळखलं जातं तोच नाही. सिद्धराम हा बाराव्या शतकातला शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्याची नाममुद्रा. त्याची कानडी वचनं आजही वाचली जातात आणि तेराव्या शतकात राघवांकाने त्याच्यावर स्वतंत्र काव्य लिहिलं. सोलापूरकर रोज हात जोडतो तो देव म्हणून. तो कवी होता हे त्याच सोलापूरकराला सांगितलं तर तो क्षणभर थबकतो. जयदेवीताई लिगाडे यादीत नाहीत. त्यांचा जन्म १९१२चा, सोलापूरचा, शिक्षण मराठीतून. पुढे त्यांनी कानडी शिकून घेतली, सिद्धरामावर त्रिपदी छंदात पुराण रचलं, वचनं मराठीत आणली आणि १९७४ साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या संमेलनाला लाभलेल्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. सोलापूरच्या लेकीला एवढा मान मिळाला आणि आपल्या यादीत ती ओळभरही नाही! तेलुगू आणि मराठी दोन्हींत लिहिणारे, पद्मशाली समाजातून आलेले लक्ष्मीनारायण बोल्ली यादीत असतात, पण फक्त त्यांच्या मराठी पुस्तकांपुरते. प्राकृताचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला सुरू केली आणि १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग संपादित करून छापून आणला. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन हे त्याचे संपादक. जगभरातल्या प्राकृत अभ्यासकांच्या कपाटात ‘सोलापूर’ हा शब्द या ग्रंथमालेच्या मुखपृष्ठावरून पोचला आहे, चादरीवरून नव्हे.

कानडी आणि तेलुगूला अभिजात भाषेचा दर्जा २००८ साली मिळाला. मराठीला आणि प्राकृताला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच निर्णयात मिळाला. त्या दिवशी सोलापुरात पेढे वाटले गेले असतील तर ते मराठीचे. अभिजात ठरलेल्या चार भाषांचे मजकूर एका रिक्षाच्या फेरीत गाठता येतील असं दुसरं गाव महाराष्ट्रात कुठलं, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

आणि ही सरमिसळ काही आजच्या कुणी सोयीने जुळवलेली नाही. रामजोशींचंच बघा. संस्कृत शिकलेला हा ब्राह्मण तमाशाच्या फडात उभा राहिला आणि त्याने संस्कृत, मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा भाषा एकाच लावणीत गुंफल्या. एक चरण या भाषेत, दुसरा त्या भाषेत. हा पंडिती चमत्कार म्हणून आपण परीक्षेपुरता पाठ केला. पण समोर बसलेल्या माणसांना यातलं काही कळतच नसतं तर फड रंगला असता का? शाहीर विद्वानांच्या सभेसाठी लिहीत नव्हता, पैसे टाकणाऱ्या श्रोत्यांसाठी लिहीत होता. त्या लावण्या म्हणजे त्या काळच्या सोलापूरच्या कानांचा पुरावाच. आजच्या कार्यक्रमात रामजोशींची लावणी लावायची झाली तर तिच्यातल्या मराठी ओळीच निवडून घेतल्या जातात. म्हणजे कापताना आपण नेमकं सोलापूरच कापतो.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. ‘सोलापुरात कानडी वारसा आहे, असं आपणच पाट्या लावून सांगायचं म्हणजे सीमावादाला आपल्याच हाताने सरपण घालायचं.’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९६७च्या महाजन अहवालाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर कर्नाटकाला द्यायची शिफारस केली होती, आणि ती महाराष्ट्राने मान्य केली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर पुन्हा हक्क सांगितला. साहित्याची व्यासपीठं या वादापासून अलिप्त होती असंही नाही. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे साहित्याच्या मांडवातून नकाशे बदलायची मागणी निघते हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. ते आपणच करून दाखवलं आहे. बेळगावात मराठी पाटीवर काय काय होतं हे रोज वाचणाऱ्या माणसाला सोलापुरात कानडी पाटी लावा असं सांगितलं तर त्याच्या कपाळाला आठी पडणारच.

पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन बघा. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं. कशासाठी? नामदेवांसाठी. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि घुमानच्या लोकांनी ती जपली म्हणून. रेल्वेगाड्या भरून आपण तिथे गेलो, फेटे बांधून घेतले, भारावून परत आलो. पंजाबने नामदेव आपला म्हटलं म्हणून त्यांचं गाव नरसी कुणी पंजाबला जोडलं का? तंजावरला गेलेला मराठी माणूस सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी हस्तलिखितं बघून गहिवरतो, बृहदीश्वराच्या आवारातला मराठी शिलालेख बोटाने चाचपतो, आणि तमिळ सरकारने मोडी कागद नीट जपावेत अशी अपेक्षा धरतो. ती अपेक्षा रास्तच आहे. मग तीच अपेक्षा घेऊन धारवाडचा किंवा कलबुर्गीचा एखादा वाचक सोलापूरच्या तळ्याकाठी उभा राहिला, तर त्याला आपण काय उत्तर देणार? ‘इथे फक्त यात्रा भरते’?

शिवाय लपवून हक्क बळकट होत नाही. जो वारसा आपण मोजत नाही तो समोरचा मोजतो, आणि मग तो त्याच्याच पुराव्याच्या फायलीत जातो. सिद्धरामाची वचनं मराठी अर्थासह सोलापुरानेच छापली, वाचली, पाहुण्यांना ऐकवली, तर त्यातून ‘हे कर्नाटकाचं’ असं निघत नाही. ‘सोलापूरला दोन भाषा येतात’ एवढंच निघतं. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडा’ आणि ‘करनाटकु’ म्हटलं. शब्दांच्या अर्थावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले, पण तो अभंग कुणी गाथेतून काढून टाकला नाही.

दुसरा आक्षेप अधिक रोजच्या व्यवहारातला. ‘ठीक आहे, पण बघायला आहे काय? लेखकाचं जपलेलं घर नाही, टाक-दौत नाही, हस्तलिखितांचं दालन नाही. पाहुण्याला उभं कुठे करायचं?’ यातलं निम्मं खरं आहे. मात्र ‘साहित्यिक स्थळ’ म्हणजे काचेच्या पेटीतला चष्मा, ही कल्पना आपण विलायती प्रवासवर्णनांतून उचलली. आळंदीला कुणी ज्ञानेश्वरांची बैठक बघायला जात नाही. तिथे लोक जातात ते ओव्या जिथल्या तिथे ऐकायला. या मापाने मोजलं तर सोलापूरचा सगळ्यात मोठा वाङ्मयीन सोहळा दर जानेवारीत होतो, आणि त्याला कुणी साहित्याचा कार्यक्रम म्हणत नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भोगीला, अक्षता पडतात. सिद्धरामाशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची ती गोष्ट. त्याच्या योगदंडाशी तिचा विवाह लागतो. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात. काठ्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले. ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ असा गजर सारखा चालू. काठ्या तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी आल्या की आवाज एकदम उतरतो आणि संमती, म्हणजे या विवाहाचा मंत्र, वाचली जाते. एवढ्या अफाट गर्दीचे कान त्या एका वाचनाकडे लागलेले. ‘सत्यम् सत्यम्’ आणि ‘दिड्डम् दिड्डम्’ कानावर पडलं की चारी दिशांनी अक्षता उडतात. पहिला शब्द संस्कृत. दुसरा सोलापूरकर लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा अर्थ विचारला तर ‘ते तसंच म्हणतात’ एवढंच सांगतो. कानडीत ‘दिट’ म्हणजे खरं. ‘दिड्डम्’ त्याच कुळातला वाटतो. तसं असेल तर तो मंत्र एकच गोष्ट दोन भाषांत सांगतो आहे, आणि हजारो मराठी माणसं त्यावर हात वर करून अक्षता टाकतात. याच्यासमोर कुठल्या महोत्सवाचं उद्घाटनाचं भाषण टिकणार? पाहुण्यांसाठी एवढीच सूचना: कट्ट्याजवळ जागा हवी असेल तर दोन-अडीच तास आधी पोचा, पायात बांधलेल्या चपला किंवा बूट घाला, आणि अक्षता पडल्यावर लगेच परतायची घाई करू नका, गर्दीचा लोट त्याच क्षणी उलटा फिरतो.

तिसरा आक्षेप ग्रंथालयवाल्यांचा, आणि माझ्या मते तो सगळ्यात प्रामाणिक आहे. ते म्हणतात, पाहुण्यांचं राहू द्या; आधी कपाटांचं बघा. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी ग्रंथालयं अनुदानावर आली, पण अनुदानाचा वर्ग टिकवायला वाचक, पुस्तकं आणि दप्तर यांचीच जुळवाजुळव एवढी की जुन्या संग्रहाकडे बघायला हात शिल्लक राहत नाहीत. जुन्या साप्ताहिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या लोखंडी कपाटाची भट्टी होते आणि कागद पिवळा, मग तपकिरी, मग बिस्किटासारखा होतो. पान उलटलं की घडीवर तुटतं. पावसाळ्यात कसर लागते. त्यावर कुणीतरी प्रेमाने पारदर्शक चिकटपट्टी लावलेली असते. दहा वर्षांनी तिचा गोंद झिरपतो आणि नेमक्या मजकुरावर तेलकट डाग पडतो. अशा वेळी पाहुण्यांना बोलावून काय दाखवायचं?

माझं म्हणणं, म्हणूनच बोलवा. एखादी फाइल मागायला वर्षभर कुणीच आलं नाही तर ती आहे की गेली हेही कळत नाही. पण येणाऱ्यानेही काही पथ्यं पाळायला हवीत. हिराचंद नेमचंद वाचनालय किंवा दुसरं कुठलंही जुनं ग्रंथालय असो, थेट जाऊन दारात उभं राहू नये. आधी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारावा. बहुतेक ठिकाणी वृत्तपत्र विभाग सकाळ-संध्याकाळ उघडा असतो, देवघेव ठरावीक तासांतच चालते आणि मधली दुपार बंद. बसून वाचायला सहसा अनामत लागत नाही, ओळखपत्र मात्र लागतं. ‘जुनं काय आहे?’ असं विचारू नये. त्याला कुठलाच ग्रंथपाल उत्तर देऊ शकत नाही. नाव, साल, विषय सांगावा आणि दाखलनोंद वही बघू द्याल का असं विचारावं. संगणकावरच्या यादीत जुनी पुस्तकं पुष्कळदा चढलेली नसतात, वहीत असतात. झेरॉक्सचा आग्रह धरू नये. जुनं पुस्तक काचेवर दाबलं की शिवण उसवते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पुस्तक दोन उशांवर निम्मं उघडून मोबाइलने फोटो काढावेत. पान सपाट करायला जाऊ नये. आणि काढलेल्या फोटोंचा एक संच पेनड्राइव्हवर ग्रंथालयाला द्यावा. फुकटची डिजिटल प्रत मिळणार म्हटल्यावर ग्रंथपालांचा चेहरा बदलतो.

महोत्सववाल्यांची बाजू इथवर थोडी दुर्लक्षित राहिली. तिच्यातही जीव आहे. गर्दी जमली की पुस्तकं विकली जातात, शाळेतल्या पोराला लेखक जिताजागता बघायला मिळतो, आणि युनेस्कोने २०२३ साली कोळिकोडला ‘साहित्याचं शहर’ म्हटल्यावर त्या गावाकडे बघण्याची नजर बदलली हे नाकारता येत नाही. आपल्याकडे भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला आलेला माणूस तिथे वाट वाकडी करून जातो. पण ही उदाहरणं नीट बघितली तर ती भवनाच्या विरोधातच जातात. भिलारमध्ये पुस्तकं ठेवली ती लोकांच्या घरांत, शाळेत, देवळात. नवं भवन बांधून त्यात कोंबली नाहीत. सोलापुरात हुतात्मा स्मृतिमंदिर आहे, रंगभवन आहे, फडकुले सभागृह आहे. छपराची टंचाई नाही. टंचाई आहे ती कार्यक्रमाच्या साध्या शिस्तीची.

पत्रिका कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी येते. तिच्यावर चौदा मान्यवरांची नावं असतात आणि मुख्य वक्ता किती वाजता बोलणार हे नसतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, पुन्हा सत्कार यांत पहिला तास-सव्वा तास जातो. स्थानिक माणसाला हे ठाऊक असतं, तो त्या हिशेबानेच उशिरा येतो. पाहुणा वेळेवर येऊन बसतो आणि पाहुण्यालाच गाडी पकडायची असते.

गाड्यांचं वेळापत्रक तर या वादात कुणी काढूनच बघत नाही. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमाराला सोलापूरहून पुण्याला निघते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून परत फिरते. वंदे भारतही पहाटे इथून सुटते आणि रात्री उशिरा इथे परतते. म्हणजे या गाड्या सोलापूरकराने दिवसभर पुण्या-मुंबईत काम उरकून घरी यावं यासाठी आहेत. पुण्याच्या वाचकाने एका दिवसात सोलापूर बघून जावं ही शक्यता त्यांत नाही. पुण्याहून हुतात्माने निघालेला माणूस रात्री दहाच्या आसपास उतरतो. संध्याकाळचा कार्यक्रम तोवर आटोपून सभागृहाला कुलूप लागलेलं. येणाऱ्याच्या सोयीची गाडी म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री मुंबईत बसायचं, सकाळी सोलापुरात उतरायचं, दिवसभर फिरायचं, आणि रात्री त्याच गाडीने परत. तेव्हा बाहेरचा श्रोता हवा असेल तर कार्यक्रम संध्याकाळी सहाला खरोखर सुरू करून आठला संपवा, किंवा सरळ सकाळी दहाला ठेवा. या बदलाला एक रुपयाचंही अनुदान लागत नाही. (हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव ज्या चार हुतात्म्यांवरून पडलं, त्यांतले कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत. पत्राचं नाव ‘गझनफर’, म्हणजे सिंह. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत त्यांना येरवड्यात फाशी दिलं. शहराच्या साहित्यिक यादीत या संपादकाची जागा कुठली?)

पाहुणे येतील का, हा शेवटचा प्रश्न. फक्त पुस्तकांसाठी फार थोडे येतील, हे कबूल. पण सोलापूरच्या स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करणारी माणसं रोज पुढच्या गाडीची वाट बघत चार-चार तास काढतात. त्यांतल्या शंभरात दोघांना हौस असली तरी ती पुरेशी आहे. सकाळी सातला निघालं तर चार हुतात्म्यांचे पुतळे, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं तळं आणि समाधी हा टप्पा पायी होतो. सगळं लगटून आहे. तिथून रिक्षाने शुभराय मठ, मग पूर्व भाग. पूर्व भागात पाटी मराठी दिसते आणि ओट्यावरचं बोलणं तेलुगू ऐकू येतं. पुष्कळांना तेलुगू घरात येते, पण वाचायची लिपी देवनागरी, कारण शाळा मराठी. अकराच्या आत परत फिरावं. फेब्रुवारी संपल्यावर तर दहालाच.

याच फेरीत एखाद्या विणकराकडे दोन्ही बाजूंनी वापरायची चादर उलटून बघावी. ती जोडकापडाची असते. नक्षी दोन्हीकडे तीच, फक्त रंग अदलाबदल झालेले. फूल कुठल्याही बाजूने फूलच दिसतं. काठाला विणलेली अक्षरं मात्र एकाच बाजूने वाचता येतात, दुसरीकडून ती आरशातल्यासारखी उलटी. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या, पुठ्ठ्यावर भोकं पाडणाऱ्याला वाचता येणारी बाजू कुठली ठेवायची हे आधी ठरवावंच लागतं.

राहिला तो हातात द्यायचा कागद. मला वाटतं सगळ्या वादातली करण्यासारखी गोष्ट हीच, म्हणून ती नीट सांगतो. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. एका जागेला एक कागद. पहिल्या पानावर जागेची पाच ओळींत माहिती. आतल्या डाव्या पानावर मूळ मजकूर मूळ लिपीत आणि खाली त्याचं देवनागरी लिप्यंतर, उजव्या पानावर मराठी अर्थ. तळ्याकाठी सिद्धरामाची सहा वचनं पुरेत, प्रत्येक अगदी मोजक्या ओळींचं. महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी, सकाळी आठला, कानडी येणाऱ्याने मूळ वाचावं, मराठी वाचकाने अर्थ वाचावा. चाळीस मिनिटांत संपवावं. ना हार, ना तुरे. मूळ आधी वाचायचं, अर्थ नंतर. उलट केलं की श्रोता मूळ ऐकतच नाही, मोबाइल काढतो.

लिप्यंतरात हमखास घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. कानडीत आणि तेलुगूत ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ वेगळे आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक बुडतो आणि शब्द बदलतो. ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ ही चिन्हं वापरावीत आणि पहिल्या पानावर तळाला एका ओळीत ती समजावून द्यावीत. दुसरं, मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. ‘वचन’ आपण ‘वचन्’ म्हणतो, कानडी माणूस तो अ पूर्ण उच्चारतो. त्रिपदीत असे तीन-चार अ गिळले की छंद लंगडतो. अशा अक्षरांखाली बारीक रेघ द्यावी. तेलुगूत मात्र मराठी माणसाला एक फुकटचा फायदा आहे. ‘चांदणं’मधला दंत्य च आणि ‘जहाज’मधला दंत्य ज तेलुगूतही आहेत, तेव्हा तिथे जीभ आपोआप वळते. उर्दू मजकुराला देवनागरीत नुक्ता सोडू नये, आणि मूळ नस्तालीक लिपीतला भाग चित्र म्हणूनच बसवावा.

छापखान्यात देताना कानडी-तेलुगूचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून त्याची पीडीएफ द्यावी. उघडी फाइल दिली की छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि ‘कपिलसिद्ध’मधला ‘द्ध’ दोन तुकड्यांत छापून येतो. पहिलं प्रूफ मराठी मुद्रितशोधकाकडे न पाठवता ती लिपी वाचणाऱ्याकडे पाठवावं. बाळीवेस आणि पूर्व भागात अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत, बहुतेक साठीच्या पुढची. भोगीच्या यात्रेला कागद हातात हवा असेल तर मजकूर दिवाळीआधी पक्का व्हायला हवा. डिसेंबरात सगळे छापखाने दिनदर्शिका आणि लग्नपत्रिकांत गुंतलेले असतात, आणि तेव्हा तीन लिप्यांचं चार पानी काम कुणी हातात घेत नाही.